खारेपाटण

खारेपाटण : महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक प्राचीन खाडीबंदर व बाजारपेठेचे गाव. ते कणकवली तालुक्यात, जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, विजयदुर्गच्या खाडीच्या शिरोभागी वसले आहे. खाडीच्या मुखापासून ते जलमार्गाने सु. ४० किमी. आत आहे. पूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो आणि भुईबावडा घाटातून गगनबावड्याकडे व पुढे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो. आज महामार्गावरील थांबा म्हणून ओळखले जाणारे हे गाव एके काळी दक्षिण कोकणातील महत्त्वाचे पत्तन होते. दक्षिण कोकणच्या शिलाहार राजवंशाची राजधानी बलिपत्तन ती हीच, असे अनेक विद्वानांचे मत आहे. या गावाच्या उदयाची हकीकत बव्हंशी दोन ताम्रपट आणि एक खाडी यांच्या आधारे जुळवावी लागते.

गावाचे स्थान प्रथम ध्यानी घेतले पाहिजे, कारण त्याच्या भरभराटीचे आणि ऱ्हासाचेही कारण तेच आहे. सह्याद्रीच्या पायथ्याकडून येणारी शुक नदी खारेपाटणजवळ खाडीच्या पाण्याला मिळते. येथून खालचा प्रवाह जांभ्याच्या सड्यांमधून वळणे घेत वाघोटणवरून विजयदुर्गपर्यंत जातो व तेथे अरबी समुद्रास मिळतो. खालच्या भागास वाघोटण नदी किंवा विजयदुर्गची खाडी असे म्हणतात. समुद्राची पातळी वाढून जुन्या नदीचे खोरे बुडाल्याने अशा खाड्या तयार होतात. त्या मुखाशी खोल, आत अरुंद आणि बहुधा वाऱ्यापासून सुरक्षित असतात. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत चढते व दोनदा ओसरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते अधिक वर येते, अष्टमीच्या सुमारास भांगाला त्याचा जोर कमी असतो. तांडेल भरतीबरोबर पडाव किंवा मचवा वर नेई आणि माल उतरवून ओहोटीबरोबर खाली सोडी. शिडाला वारा नसला, तरी खाडीचे पाणीच अर्धे काम करीत असे. ज्या ठिकाणी भरतीचा जोर संपतो तेथे नावेचे काम संपते आणि बैलाचे सुरू होते. माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात चढविण्याची जागा जेथे असते तेथे वखार लागते, हमाल लागतात, सावकार व जकातदार येतात. समुद्रकिनाऱ्यापासून एवढे दूर असूनही खारेपाटणला बंदर झाले, ते याच कारणाने.

आत असण्याचा आणखी एक लाभ होता. कोकणचा किनारा चाचेगिरीसाठी फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील रोमन व ग्रीक लेखकांनीही या किनाऱ्यावरील चाच्यांचा उल्लेख केलेला आहे. मुखावर पहारा ठेवून वस्ती व भांडार आत ठेवावयाचे, ही पद्धत कोकणात अनेक ठिकाणी दिसते. दाभोळच्या खाडीत आत असलेले चिपळूण, जैतापूरच्या खाडीत आत असलेले राजापूर आणि कुंडलिकेच्या खाडीत आत असलेले रोहे ही त्याच जातीची गावे होत. पावसाळ्यात ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद राही, तेव्हा गलबतांना वाऱ्यालाटांपासून आसरा अशा आतील पाण्यातच मिळे.

‘खारेपाटण’ या नावाची फोड सरळ दिसते. पाटण हा संस्कृत ‘पत्तन’ किंवा ‘पट्टण’ या शब्दाचा मराठी अवतार असून त्याचा अर्थ नगर, विशेषतः व्यापारी नगर किंवा बंदर, असा होतो. महाराष्ट्रात घाटावरही पाटण नावाची गावे आहेत. त्यांहून हे वेगळे ओळखता यावे म्हणून त्यास ‘खारे’ हे विशेषण लागले असावे. गोड्या नदीच्या काठी असूनही गावाची ओळख खाऱ्या पाण्यावरून व्हावी, हे त्याच्या व्यवसायाचेच द्योतक आहे.

वस्तीचा आरंभ केव्हा झाला याचा लिखित पुरावा आठव्या शतकाच्या मागे जात नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात कोकण किनाऱ्यावरील ‘पालैपत्माइ’ या बंदराचा उल्लेख आहे आणि टॉलेमीच्या भूगोलातही तत्सम नाव येते. नावातील साम्यावरून काहींनी ते बलिपत्तनाशी जुळविले. तथापि पेरिप्लसमधील बंदरांचा क्रम पाहता हे स्थान बरेच उत्तरेकडे पडते; त्यामुळे केवळ ध्वनिसाम्यावर विसंबून खारेपाटणचे प्राचीनत्व सु. सातशे वर्षांनी मागे नेणे धाडसाचे ठरेल. मात्र खाडीकाठची मूळ वस्ती मासेमारी करणाऱ्या व होड्या चालविणाऱ्या लोकांची असणार, असे अनुमान करता येते. खाऱ्या व गोड्या पाण्याच्या संगमावर बोई, तांबोशी, काळुंदर, शेंगटी यांसारखे मासे, तसेच खेकडे, तिसऱ्या व कालवे बारमाही मिळतात. ओहोटीला उघडी पडणारी चिखलवट, कांदळवनाच्या कडा आणि बांध घालून लागवडीखाली आणलेली खाजणे यांवर लहान वस्ती सहज पोसली जाते. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर गाबीत, दालदी इ. दर्यावर्दी समाज आणि आतील नद्यांवर भोई हा व्यवसाय परंपरेने करीत आले आहेत. समुद्रावरचे बांगडे, तारली व इतर मासे खारवून किंवा सुकवून घाटावर पाठविण्याची रीत या प्रदेशात जुनी आहे. मीठ व सुके मासे वर जावेत आणि धान्य, गूळ, तंबाखू, कापड खाली यावे, हा व्यवहार अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. तंबाखू अर्थातच पोर्तुगीजांनंतरची. बाकीच्या देवघेवीचा साचा पुष्कळ जुना असला पाहिजे.

नगर म्हणून गावाचा उदय शिलाहारांच्या काळात झाला. शिलाहारांची तीन घराणी महाराष्ट्रात होऊन गेली : उत्तर कोकणचे, दक्षिण कोकणचे व कोल्हापूरचे. त्यांतील दक्षिण कोकणचे घराणे सर्वांत जुने असून त्याचा इतिहास जवळजवळ संपूर्णतया रट्टराजाच्या खारेपाटण ताम्रपटावरून कळतो. हा ताम्रपट शके ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमेचा, म्हणजे २२ मे १००८ चा आहे. तो खारेपाटण येथे मिळाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ (१८३२) काढणारे जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या गावचे, म्हणजे याच परिसरातले होते. मराठी मुलखातील आरंभीच्या पुराभिलेख-वाचकांपैकी एक असलेल्या या विद्वानाच्या हाती आपल्याच खाडीकाठचा ताम्रपट यावा, हा योग नमूद करण्यासारखा आहे. पुढे कीलहॉर्न या जर्मन पंडितांनी त्याचे अधिक शुद्ध संपादन केले आणि वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात (१९७७) त्याचा पुन्हा परामर्श घेतला.

या ताम्रपटात प्रथम राष्ट्रकूटांची व नंतर शिलाहारांची वंशावळ दिली आहे. मूळ पुरुष सणफुल्ल याने कृष्णराजाच्या म्हणजे राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या (कार. सु. ७५६–७७४) कृपेने सह्य पर्वत व समुद्र यांमधील प्रदेश मिळविला. त्याचा पुत्र धम्मियार याने बलिपत्तन वसविले. यानंतरच्या ऐयपराजाने चंद्रपूरजवळ विजय मिळविल्यावर नारळाच्या पाण्याने स्नान केले, असे वर्णन येते. चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर. पहिला अवसर, आदित्यवर्मा, दुसरा अवसर, इंद्रराज, भीम, तिसरा अवसर आणि रट्टराज असा पुढील क्रम आहे. दुसऱ्या अवसराने चेमूल्य (चौल) व चंद्रपूर येथील राजांना साहाय्य केल्याचे सांगितले आहे. एकंदर दहा पिढ्या व सु. अडीचशे वर्षे, एवढा हा विस्तार. रट्टराजाच्या वेळी राष्ट्रकूटांची सत्ता संपलेली होती आणि तो कल्याणीच्या चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक होता. तरीही आपल्या पूर्वजांच्या जुन्या धन्यांची वंशावळ त्याने आवर्जून कोरविली. गेलेल्या वैभवाची ही आठवण इतिहासकारांच्या पथ्यावर पडली आहे.

ताम्रपटाचा मूळ हेतू दानाचा आहे. रट्टराजाच्या पित्याने, अवसराने, बांधलेल्या अव्वेश्वर या शिवमंदिराच्या पूजेअर्चेसाठी, डागडुजीसाठी आणि तेथील तपस्व्यांच्या निर्वाहासाठी तीन गावे देण्यात आली. दान स्वीकारणारा आचार्य मत्तमयूर या शैव संप्रदायाच्या कर्करोणी शाखेतील अंभोजशंभूचा शिष्य होता. मत्तमयूर संप्रदायाची मुख्य केंद्रे मध्य भारतात होती. तेथील आचार्यपरंपरा कोकणच्या एका बंदरापर्यंत पोहोचली होती, ही गोष्ट त्या काळच्या दळणवळणावर प्रकाश टाकते.

बंदराच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र गावांच्या दानापेक्षा पुढील कलम महत्त्वाचे आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण धरण या मंदिरास द्यावे, असे त्यात सांगितले आहे; चेमूल्य व चंद्रपूर येथील जहाजे यातून वगळली आहेत. कंदलमूलीय हे स्थान निश्चित ओळखता आलेले नाही. गद्याण व धरण ही सोन्याची वजने किंवा नाणी असून धरण हे गद्याणाहून हलके समजले जाते. या चार-दोन शब्दांतून पुष्कळ निष्पन्न होते. परदेशी जहाजे नियमाने येत होती, नाहीतर त्यांच्यावर नेमणूक बसविण्यात अर्थ नव्हता. दूरच्या व जवळच्या व्यापाराचे दर निरनिराळे होते. कर मालाच्या किंमतीवर नसून जहाजामागे होता. म्हणजे मोजणी सोपी व वसुली रोख होती. आणि उत्तरेचे चौल व दक्षिणेचे चांदर या दोन बंदरांना दिलेली सवलत पाहता, या किनाऱ्यावर राजकीय मैत्री व व्यापारी सवलत ही हातात हात घालून चालत असावीत. चार पिढ्यांपूर्वी अवसराने याच दोन राज्यांना मदत केली होती, हे येथे आठवावे.

त्याच लेखात मंदिराच्या सेवेसाठी नेमून दिलेल्या कुटुंबांची यादी आहे. तीत सेविका, तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबे येतात. दिव्याला तेल, देवाला फुले, स्वयंपाकाला मडकी व धुतलेली वस्त्रे अशी ही चोख व्यवस्था होती. यादीत कोळी, नावाडी, तांडेल मात्र नाहीत. ज्या जहाजांच्या सोन्यावर दिवा जळणार होता ती चालविणाऱ्यांविषयी ताम्रपट मौन पाळतो. यावरून ते गावात नव्हते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ताम्रपट हा देणाऱ्या-घेणाऱ्यांचा दस्तऐवज असतो. जे दिले जात नाही व ज्यावर हक्क सांगितला जात नाही, ते त्यात येत नाही. कोकणातील बहुतेक जुन्या बंदरांचा इतिहास लिहिताना हीच अडचण येते आणि त्यामुळे हा इतिहास राजे, मठ व श्रेष्ठी यांचाच होऊन बसतो.

ही जहाजे कोठून येत असावीत याची कल्पना समकालीन वृत्तांतांवरून येते. दहाव्या शतकाच्या आरंभी (सु. ९१६) अरब प्रवासी मसूदी याने चौलला भेट दिली, तेव्हा तेथे सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले सु. दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहिले आहे. चिंचणी येथील ९२६ च्या ताम्रपटावरून संजाण भागात राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी ताजिक म्हणजे अरब होता, असे कळते. इराणी आखात, अरबस्तान व पूर्व आफ्रिकेचा किनारा आणि भारताचा पश्चिम किनारा हे मोसमी वाऱ्यांनी एकमेकांशी बांधलेले होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किल्वा, मोंबासा, मालिंदी ही नगरेही मासेमारी, खाडी किंवा बेटाचा आसरा व दूरदेशीचा व्यापार यांच्या मेळातूनच पुढे आली. बलिपत्तनची गणना अशा नगरांच्या लहान भावंडांत करता येईल.

बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण काय, हा प्रश्न येथे अटळ आहे. ताम्रपट सापडला ते गाव हेच त्यातील नगर, असे म्हणता येत नाही. ताम्रपट हा कुटुंबाबरोबर किंवा मठाबरोबर फिरणारा ऐवज आहे. काहींनी बलिपत्तन अन्यत्र, गोव्याच्या बाजूसही, शोधण्याचा प्रयत्न केला आहे. परंतु खारेपाटणच्या बाजूने एक वजनदार पुरावा आहे, तो म्हणजे येथेच मिळालेला दुसरा ताम्रपट. तो उत्तर कोकणचा शिलाहार राजा पहिला अनंतदेव याचा असून शके १०१६ (१०९४–९५) मधील आहे. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तो १८८० च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यात भाभण श्रेष्ठी व त्याचा भाऊ धनाम श्रेष्ठी या दोघांना एक सवलत दिली आहे. श्रीस्थानक (ठाणे), नागपूर, शूर्पारक (सोपारा), चेमुली (चौल) आदी बंदरांत त्यांची वाहने आली असता त्यांच्याकडून जकात घेऊ नये, अशी ती आज्ञा आहे. येथील नागपूर हे अर्थातच विदर्भातील नव्हे; ते रायगड जिल्ह्यातील नागाव किंवा नागोठणे असावे. भाभणाचा पिता दुर्गश्रेष्ठी हा ज्या गावचा होता त्याचे नाव प्रथम ‘वलिपवन’ असे वाचले गेले. ते बलिपत्तनच होय असे मानले जाते.

निरनिराळ्या दोन घराण्यांचे, सु. ८७ वर्षांच्या अंतराने दिलेले, एक शैव मठाला व दुसरा व्यापाऱ्यांना दिलेला, असे दोन ताम्रपट एकाच गावी मिळतात आणि दोन्हींचा संबंध बलिपत्तनाशी लागतो. एक ताम्रपट भटकत येऊ शकतो. दोन भिन्न ऐवज एकाच ठिकाणी भटकत येणे कठीण. जकातमाफीचा ताम्रपट तर ज्याला माफी मिळाली त्याच्या घरीच राहणार, कारण प्रत्येक बंदरात वाद झाला तर दाखवावयाचा कागद तोच. यामुळे बलिपत्तन हे खारेपाटण असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. निर्णायक पुरावा उत्खननातूनच मिळू शकेल.

दुसऱ्या ताम्रपटाने आणखी एक गोष्ट उघड होते. रट्टराजानंतर दक्षिण कोकणच्या शिलाहारांची सत्ता टिकली नाही. चालुक्य दुसरा जयसिंह याने सप्तकोकणांच्या अधिपतींचे सर्वस्व हरण केल्याचे त्याच्या शके ९४६ (१०२४) च्या मिरज ताम्रपटात नमूद आहे आणि त्यानंतर रट्टराजाचे नाव ऐकू येत नाही. राजधानी गेली, राजवंश गेला. पण बंदर गेले नाही. सत्तर वर्षांनी तेथील श्रेष्ठी दुसऱ्या राज्यात महामात्यपदापर्यंत चढले होते आणि ठाण्यापासून चौलपर्यंत त्यांची ये-जा चालू होती. १००८ साली हे नगर इतरांच्या जहाजांवर कर बसवीत होते, तर १०९५ च्या सुमारास त्याचे व्यापारी इतरांच्या बंदरांत करमाफी मिळवीत होते. आश्रित बंदरापासून स्वतःची जहाजे असलेल्या व्यापारी नगरापर्यंतची ही वाटचाल असावी.

यानंतरच्या तीन शतकांचा वृत्तांत फार तुटक आहे. कोकणावर यादवांचा व पुढे बहमनी सुलतानांचा अंमल बसला. गावाच्या परिसरातील जुन्या मशिदींचे अवशेष व कबरी यांवरून मध्ययुगात येथे मोठी मुसलमान वस्ती होती, हे स्पष्ट दिसते. येथील जैन वस्तीही जुनी आहे. दक्षिण कोकणात जैन मंदिरे विरळाच असल्यामुळे खारेपाटणचे जैन मंदिर लक्षणीय ठरते. त्यातील काळ्या पाषाणाची मूर्ती नदीच्या पात्रात सापडली, असे सांगतात. शैव मठ, जैन श्रेष्ठी आणि मुसलमान व्यापारी एकाच लहानशा गावात पाय रोवतात, ही बंदराच्या गावाची नेहमीची खूण होय. नदीकाठच्या एका धक्क्याला ‘घोडेपाथर बंदर’ म्हणतात. नावावरून अरबी घोड्यांच्या आयातीचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याचा मोह होतो. परंतु नावाखेरीज त्याला आधार नसल्याने तो आवरलेला बरा.

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने कोकण किनाऱ्याच्या वर्णनात ‘अरापतन’ या लहान बंदराचा उल्लेख केला आहे. ते खारेपाटण समजले जाते. मलबारची गलबते तेथे येऊन स्वस्त तांदूळ व भाजीपाला भरून नेत, असे तो म्हणतो. सोन्याच्या गद्याणांवरून तांदूळ-भाजीपर्यंत झालेली ही उतरण दिसते खरी. पण बार्बोझाला चौल, दाभोळ व गोवा यांची सवय होती, हेही विसरता कामा नये. त्याचबरोबर काही पोर्तुगीज लेखनात संपूर्ण खाडीलाच खारेपाटणचे नाव दिलेले आढळते. म्हणजे मुखावरील किल्ल्याचे नाव खाडीला मिळण्यापूर्वी ती आतल्या गावाच्या नावाने ओळखली जात होती.

खाडीच्या मुखावरील घेरियाचा किल्ला शिलाहार दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे परंपरा सांगते. शिवाजी महाराजांनी तो सतराव्या शतकाच्या मध्यास घेऊन बळकट केला व त्यास विजयदुर्ग हे नाव दिले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. येथून खारेपाटणचे महत्त्व बदलले. शेजारच्या खाडीत राजापूर पुढे आले. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी आपली वखार राजापूरला घातली. आरमारी सत्तेचे केंद्र मुखाशी गेल्याने खारेपाटण हे त्या केंद्राचे पाठीमागचे ठाणे बनले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ व कान्होजी आंग्रे यांच्यात झालेल्या तहान्वये कान्होजीकडे जी दहा गड व सोळा ठाणी देण्यात आली, त्यांत खारेपाटणचे नाव आहे. १७५६ मध्ये इंग्रज व पेशवे यांनी मिळून विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार तेथे जळाले; त्यानंतर धुळपांच्या हाताखाली पेशव्यांचे आरमार त्याच खाडीत राहिले. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. गावालगतच्या टेकडीवर असलेल्या लहान किल्ल्याचे तट व बुरूज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दगडांसाठी पाडण्यात आले. आता तेथे तटाच्या तुरळक खुणाच राहिल्या आहेत.

बंदराच्या ऱ्हासाला राजकीय उलथापालथीपेक्षा पाणी व वाहन हीच कारणे अधिक जबाबदार आहेत. मोठ्या गलबतांना वाघोटणच्या वर जाणे कठीण होते. त्यापुढे लहान पडाव व होड्याच, आणि त्याही भरतीच्या वेळी, खारेपाटणला पोहोचत. सह्याद्रीच्या उतारावरील जंगल तुटत गेले, तसा पावसाबरोबर येणारा गाळ वाढला आणि पात्र उथळ होत गेले. जहाजे आकाराने मोठी होत असताना खाडी मात्र लहान होत होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी सुरू झाल्या. त्या विजयदुर्गला थांबत. तेथून उतारू व माल होड्यांनी वाघोटणला येई आणि फोंडा घाटातून कोल्हापूरकडे जाई. माल उतरविण्याची जागा खाली सरकल्यामुळे शतकानुशतके खारेपाटणकडे असलेले काम वाघोटणने घेतले. विसाव्या शतकात मोटारी आल्या, किनाऱ्यावरील आगबोटींची वाहतूक पुढे बंद पडली आणि मग वाघोटणवरही तीच वेळ आली. मुंबई–गोवा मार्गावरील पुलाने खारेपाटणला पुन्हा वाहतुकीच्या वाटेवर आणले. पण ती वाट आता खाडीला आडवी जाते. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला.

आज गावात कालभैरव, दुर्गादेवी व कपिलेश्वर यांची देवस्थाने, जैन मंदिर आणि मशिदी आहेत. बाजारपेठ नदीच्या सखल काठावर, जुन्या धक्क्याच्या अंगानेच पसरलेली आहे. भातशेती, नारळी-पोफळीच्या बागा, आंबा, काजू व खाडीतील मासेमारी हे आसपासचे मुख्य व्यवसाय होत. पावसाळ्यात घाटावर मोठा पाऊस झाला आणि त्याच वेळी उधाणाची भरती आली, तर शुक नदीच्या पाण्याला खाली वाट मिळत नाही व पूर थेट पेठेत शिरतो. अशा दिवसांत दुकानदार माल माळ्यावर चढवितात आणि धक्क्याकडील रस्त्यावर होडी चालते.